शेवाळआजीची चौदा डोकी

परवा मोशीला पुतण्याच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. नववा मजला. होमाचा धूर घरभर कोंडला होता आणि पंगत बसायला अवकाश होता, म्हणून मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली पाहिलं तर खाण. म्हणजे खाणीतलं उरलेलं पाणी. भोवती आता फरशी बसवली आहे, मधोमध कारंजं आहे, काठावर मुलांच्या घसरगुंड्या आहेत. पुतण्या मागून येऊन म्हणाला, "काका, आपल्याला तळं दिसतं. पलीकडच्या विंगला नाही दिसत." मी मान हलवली. तेवढ्यात वारा वर आला आणि त्याच्याबरोबर साचलेल्या पाण्याचा वास आला. मी तोंडाला रुमाल लावून आत आलो आणि बेसिन धरून उभा राहिलो. बायकोला वाटलं, धूर लागला.

धूर लागला नव्हता. त्या पाण्याच्या काठावर मी एक गोष्ट केली आहे आणि ती आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही.

माझी चाकणला फायबरची शेड होती. बसच्या सीटची कवचं, ट्रॅक्टरचे मडगार्ड, टाक्यांची झाकणं असलं काम. साच्याला मेण घासायचं, रंगाचा थर द्यायचा, त्यावर काचेचं कापड आणि रेझीन. रेझीनचा वास गोडसर असतो. पहिल्या दिवशी बरा वाटतो, आठवड्यानं तो जेवणात उतरतो. आमटीला यायचा, उशीला यायचा. मुलगी लहान असताना मी उचलून घेतली की मान फिरवायची.

साच्यातून निघालेल्या वस्तूला जोडाची रेघ असते. ती घासून नाहीशी करायची हे गजरामावशींचं काम. त्या मोशीच्या गावठाणातल्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. खाली पोतं, नाकाला फडकं, हातात पॉलिश पेपरची घडी. डोळ्यांपेक्षा त्या अंगठ्यानं जास्त बघायच्या. मला गुळगुळीत वाटलेल्या जागेवर अंगठा ठेवून म्हणायच्या, "शेठ, हितं अजून हाय." आणि असायचं. त्यांच्या डाव्या भुवईच्या वर बोटाचं पेर बसेल एवढा खड्डा होता. लहानपणी आईबरोबर याच खाणीत खडी फोडायला जायच्या, तेव्हा कपची उडून लागली होती.

एका थंडीत पुण्याचा एक कलादिग्दर्शक शेडवर आला. मुलांचा सिनेमा काढत होते. खाणीच्या पाण्यात शेवाळआजी राहते, वाट चुकलेल्या पोरांना पाण्याखालच्या गावात नेते, जेऊ घालते आणि सकाळी घरी पोचवते, अशी गोष्ट. आजीचं डोकं त्याला बनवून हवं होतं. मावशी तेव्हा हिरवे मडगार्ड घासत बसल्या होत्या. केसांवर, पापण्यांवर हिरवी भुकटी. तो बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, आजी तर ही बसली आहे.

चेहऱ्याचा साचा घेणं सोपं नसतं. तोंडाला व्हॅसलीन, भुवयांना साबण, नाकपुड्यांत दोन नळ्या आणि वरून ओलं प्लास्टर. घट्ट होताना ते तापतं आणि माणसाला हलता येत नाही. मावशींनी सगळा वेळ माझं मनगट धरून ठेवलं होतं. नखांच्या खुणा दोन दिवस राहिल्या. साचा निघाल्यावर त्यांनी तोंड धुतलं आणि त्यात वाकून पाहिलं. आपलाच चेहरा, पण खोलगट, आतल्या बाजूचा. त्या म्हणाल्या, "काम झालं की ह्यो फोडून टाका शेठ. आपल्या तोंडाचा साचा दुसऱ्याच्या घरात नगं."

मी हो म्हणालो.

आमच्या धंद्यात साचा कुणी फोडत नाही. वस्तू मोडते, गिऱ्हाईक तुटतं, पण साचा माळ्यावर जातो. त्यावर नंबर टाकतात, फडकं गुंडाळतात आणि ठेवून देतात, कारण काम कधी परत येईल सांगता येत नाही. मीही तेच केलं. सीटच्या साच्यांमागं ठेवला. मावशींनी एकदा विचारलं, फोडला का. मी मान डोलावली.

त्या थंडीचं मला सगळं आठवतं. सकाळी खाणीच्या पाण्यावरून वाफ निघायची आणि माणसं हळू आवाजात बोलायची, जणू पाणी झोपलं आहे. आजीचं डोकं आत फायबरचं, वर रबराची कातडी. दोन माणसं छातीभर पाण्यात उभी राहून काठ्यांनी ते हलवायची. मावशी रोज माझ्याबरोबर यायच्या. कपारीतलं खरं शेवाळ बोटांनी सोलून आजीच्या गालांवर बसवायच्या, सुकलं की पाणी शिंपडायच्या. ओल्या दगडाचा वास, चुलीवरच्या चहाचा वास, मावशींच्या फडक्यातल्या बाजरीच्या भाकरीचा वास. सिनेमात सात वर्षांची एक मुलगी होती. दुपारी युनिटचं जेवण सोडून ती मावशींशेजारी येऊन बसायची आणि भाकरीचा पापुद्रा मागायची. एकदा तिनं एक बोट रबराच्या कपाळावरच्या खड्ड्यात ठेवलं, दुसरं मावशींच्या. बराच वेळ दोन्ही बोटं तशीच ठेवून मग आम्हाला सांगितलं, "ह्या आजीचा गरम आहे."

सिनेमा चालला. मोशीच्या शाळेनं मावशींना गॅदरिंगला बोलावून खुर्चीवर बसवलं. गल्लीतली पोरं त्यांच्या दारात येऊन पाण्याखालच्या गावाची वाट विचारायची आणि मावशी म्हणायच्या, आधी नाक पुसून या. शेडवर येऊन हे सांगताना त्यांच्या नाकावरचं फडकं हसण्यानं हलायचं.

दोन-अडीच वर्षांनी दुसरा भाग आला. माणसं बदलली होती. तो कलादिग्दर्शक नव्हता. नवा दिग्दर्शक तरुण, बोलायला गोड, सगळ्यांना काका-मावशी म्हणणारा. त्यानं मला गोष्ट सांगितली. शेवाळआजी आता वाईट झाली आहे, मुलांना बुडवते. शेवटी मुलं तिला गाठतात आणि काठ्यांनी तिचं डोकं फोडतात. त्यातून हिरवी घाण उडते, सगळ्यांच्या अंगावर. "पोरं शिट्ट्या मारतील काका," तो म्हणाला. एका वेळी एक डोकं फुटणार, आणि मनासारखं फुटेपर्यंत घेत राहायचं, म्हणून त्याला चौदा डोकी हवी होती. चेहरा मात्र पहिल्या भागातलाच पाहिजे. मुलांना ओळखता आला पाहिजे.

त्यानं विचारलं, साचा आहे ना? मी म्हणालो, आहे.

का म्हणालो, ते आता शोधत बसत नाही. म्हणालो एवढं खरं.

साच्यातून आधी मातीचा चेहरा काढला. त्याला नाक वाकडं केलं, हनुवटीवर चामखिळी चिकटवल्या, ओठ फाकवले. मला वाटलं, आता कोण ओळखतंय. त्यावरून नवा साचा, आणि त्यात रबराचं दूध ओतायचं. त्या दुधाला अमोनियाचा वास असतो, न धुतलेल्या मुतारीसारखा. शेडच्या मागच्या खोलीत दार लावून मी आणि एक कामगार ते ओतायचो. मावशींना सांगितलं होतं, मागं दुसऱ्या कंपनीचं काम चाललं आहे, तिकडं फार वास आहे, जाऊ नका. खोटं बोलताना मी त्यांच्या अंगठ्याकडे बघायचो.

डोकी फुटायला हवीत म्हणून रबर पातळ होतं, आणि पातळ रबर जोडातून फाटतं. नमुन्याची दोन डोकी दिग्दर्शकानं फोडून पाहिली आणि परत पाठवली. कानामागून सरळ शिवण उसवल्यासारखी फाटली होती. जोड असा घासायचा की तो आहे हे रबराला कळता कामा नये. असं काम आमच्याकडे एकाच माणसाला यायचं. शूटिंगला तीन दिवस होते.

मी चौदाही डोकी मावशींच्या पोत्यापुढे आणून ठेवली. ओळीत. नवा सिनेमा आहे, म्हणालो, भुताचा. त्यांनी पहिलं डोकं मांडीवर घेतलं, कानामागं अंगठा फिरवला आणि कामाला लागल्या. तीन दिवस त्यांच्या मांडीवर एकामागून एक ती डोकी येत होती. मी काही ना काही कारण काढून तिथून जायचो. त्या बोलत नव्हत्या, पण कामात त्या तशाही कमीच बोलायच्या. मला वाटायला लागलं की सुटलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी हाक मारली. शेवटचं डोकं मांडीवर होतं. अंगठा डाव्या भुवईच्या वर होता.

"शेठ, ह्यो खड्डा भरायचा का ठिवायचा?"

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. कारखान्यात कुणीही विचारावं तसं विचारलं होतं. बुडबुड्याचे खड्डे आम्ही भरतोच. मी म्हणू शकलो असतो, भरा. मी म्हणू शकलो असतो, मावशी, उठा, हे ठेवा खाली. पहिल्या भागात त्या खड्ड्याचा जवळून घेतलेला एक शॉट होता आणि तो दिसलाच पाहिजे असं दिग्दर्शकानं मला बजावलं होतं.

"ठेवा," मी म्हणालो.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि रबराच्या कपाळावरचं पावडरचं पांढरं पुसून डोकं ओळीत ठेवलं.

शूटिंगचा दिवस उन्हाचा होता. ती जागा मला ओळखू येईना. पाण्यात हिरवा रंग ओतला होता आणि काठाला मासे पोट वर करून लागले होते. साबुदाणा शिजवून त्यात रंग आणि गुळाचं पाणी घालून घाण तयार केली होती, पिंपांत भरून ठेवली होती, आणि शूटिंग एक दिवस पुढे गेल्यामुळे ती आंबली होती. झाकण काढलं की फस्सकन फेस वर यायचा. कुणीतरी त्यात गुलाबाचा सुगंधी फवारा मारला होता. तो वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. खऱ्या बेडकांची दोन पोती मागवली होती. पोती उन्हातच राहिली आणि दुपारी ती हलायची थांबली. जलपऱ्या झालेल्या बायकांचे खवले प्लॅस्टिकचे, आत घामानं बुरशी आलेली, आणि त्यातली एक परी खडकाआड बसून तंबाखूची पिंक टाकत होती. माश्या तर अशा की बोलायला तोंड उघडायची चोरी. मुलांसाठीचं स्वप्न कसं बनतं हे कुणाला बघायचं असेल तर त्यानं एकदा त्या पिंपात वाकून बघावं.

डोक्यांत ती घाण भरायचं काम माझ्याकडे होतं. मानेच्या भोकातून डबडं लावून ओतायची. रबर फुगायचं, गाल भरायचे, आणि पातळ कातडीआडून तो चेहरा हळूहळू जिवंत होत यायचा. मावशी जेवल्यावर दिसतात तसा. मी दोनदा बाजूला जाऊन उलटी केली.

पहिलं डोकं बांबूवर बसवलं. चार मुलं काठ्या घेऊन उभी राहिली. त्यात ती मुलगीही होती, आता दहा वर्षांची झालेली, पुढचे दात मोठे आलेले. इशारा झाला. तीन मुलं धावली आणि ती जागीच उभी राहिली.

दिग्दर्शकानं थांबवलं. काय झालं बेटा, विचारलं. तिनं काठी खाली टाकली, डोक्याजवळ गेली आणि कपाळावर बोट ठेवलं.

"ह्या आपल्या मावशी आहेत. खड्डा आहे बघा इथे."

सगळे हसले. तिची आई पुढे होऊन दबक्या आवाजात म्हणाली, "असं करायचं नसतं गं. सगळे खोळंबलेत." तिनं मान हलवली, नाही म्हणून. रडत नव्हती. फक्त बोट काढत नव्हती. दिग्दर्शक वळून माझ्याकडे आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, तुम्ही बनवलंय ना, तुम्हीच सांगा हिला. तुमचं ऐकेल."

मी गेलो. तिच्यासमोर उकिडवा बसलो. माझ्या हातांना ती आंबलेली घाण होती, म्हणून मी हात मागे धरले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. पहिल्या भागात मी तिला शिट्टी बनवून दिली होती, त्यामुळे ती मला ओळखत होती.

मी म्हणालो, "बाळा, हे कुणाचं तोंड नाही. रबर ओतताना आत हवेचा बुडबुडा राहिला की असा खड्डा पडतो. सगळ्यांनाच पडतो. बघ, बाकीच्यांनाही आहे."

मी तिला उरलेली डोकी दाखवली. सगळ्यांना तो खड्डा होता. तिनं एकेकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कारागिरानं सांगितलेलं लहान मूल मानतं.

"नक्की?"

"नक्की."

तिनं काठी उचलली.

अकराव्या डोक्याला शॉट मनासारखा झाला. तोवर ती चांगली जोरात मारायला शिकली होती, चौघांत सगळ्यात जोरात. उरलेली तीन डोकी युनिटच्या पोरांनी आपली आपणच फोडली, गंमत म्हणून, दगडांनी. काठावर रबराची सालटी पडली होती. नाक, हनुवटी, अर्धं कपाळ. माश्यांनी काळी झालेली. ती गोळा करून पोत्यात भरायचं कामही माझंच होतं.

दुसऱ्या दिवशी मावशी वेळेवर आल्या. डबा खुंटीला लावला, पोतं अंथरलं आणि विचारलं, "कुठनं फाटली? जोडातनं न्हाई ना?"

"नाही," मी म्हणालो.

"मग झालं."

त्या दिवसापासून त्यांनी फडकं नाकाला बांधायचं सोडून कपाळापासून बांधायला सुरुवात केली. फक्त डोळे दिसायचे. मी मनाशी म्हणालो, धुळीसाठी असेल. त्या आठवड्यात मी तो जुना साचा माळ्यावरून काढला आणि शेडमागं नेऊन हातोड्यानं फोडला, एकटाच, मावशी घरी गेल्यावर. प्लास्टर फुटताना कोरडा आवाज येतो. फोडून मला काहीच वाटलं नाही. चार वर्षं त्या आणखी कामाला आल्या, मग गुडघे धरले आणि बंद झाल्या. पुढं मीही शेड विकली. त्या सिनेमाचा विषय आम्ही दोघांनी पुन्हा काढला नाही.

परवा पंगत उठल्यावर मी बायकोला म्हणालो, जरा पाय मोकळे करून येतो, आणि चालत गावठाणात गेलो. आता तिथं जायला दोन मोठ्या गृहप्रकल्पांमधून वाट आहे. मावशींचं घर तेच, फक्त ओट्याला लोखंडी जाळी लागली आहे. ओट्यावर बसून त्या पावटे सोलत होत्या. कपाळ उघडं होतं. खड्ड्याभोवती आता सुरकुत्या आल्या आहेत.

"शेठ, या. बारीक झालाव."

मी बसलो. त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं. मुलीचं विचारलं, शुगरचं विचारलं. मी वाट बघितली आणि मग एका दमात बोललो, की तो साचा मी तेव्हा फोडला नव्हता, खोटं बोललो होतो, आणि ती चौदा डोकी तुमचीच होती.

त्यांचे हात थांबले नाहीत. "पहिलं मांडीवर घेतलं तवाच कळलं," त्या म्हणाल्या. "सोताचं तोंड हाताला कळत न्हाई व्हय? तुमी इचारलं असतं तर मी हा म्हनले असते. ते जाऊंद्या आता."

मला हलकं वाटायला लागलं होतं. खोटं कशाला सांगू, वाटायला लागलं होतं. म्हणून मी पुढचं सांगितलं. ती मुलगी, तिचं बोट, मी उकिडवा बसून काय बोललो ते.

पावट्याची शेंग त्यांच्या हातात अर्धी उघडलेली राहिली.

"बुडबुडा म्हनलात?"

"हो."

"आन तिनं मारलं."

"मारलं."

सून चहा ठेवून गेली. मावशींनी अर्धी शेंग तशीच बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "ती येती हितं. ताथवड्याला कॉलेजात हाय, इंजिनेरिंगला. दर दिवाळीला येती, फराळ घिऊन. पर बसती ती खाली मान घालून. माझ्या तोंडाकडं बघत न्हाई. मला वाटायचं, मोठी झाली, लाजती."

मी चहाची कपबशी उचलली.

"तिला सांगितलंत का नंतर?"

"नाही."

"मग हितं कशाला आलाय?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. जोड राहिलाय हे दाखवताना असायचा तसा आवाज होता. मी म्हणालो, आता इतक्या वर्षांनी तिला काय सांगणार, आणि खरं सांगायचं तर तिचं नावही मला आठवत नाही. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मी लिहीत नाही.

मग त्यांनी पदराला हात पुसले, कमरेचा फोन काढला, डोळ्यांजवळ धरून अंगठ्यानं एकेक नाव खाली सरकवत गेल्या आणि एके ठिकाणी थांबल्या. फोन कानाला न लावता त्यांनी माझ्यापुढे धरला. मी तो घेतला. रिंग वाजत होती. माझे हात स्वच्छ होते, तरी मला ते पुसावेसे वाटले.

पलीकडून गडबडीचा, मोठ्या मुलीचा आवाज आला. मागं कुठंतरी कँटीनचा गलका होता.

"हां मावशी, बोला ना. बऱ्या आहात ना?"